सामाईक वेळ : कर्जतच्या रुळांवरून करमणुकीच्या इतिहासाकडे

कर्जत स्थानकाच्या रुळांपलीकडे भिसेगाव आहे. आज ते कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते हे सांगायचे तर रुळांकडेच बोट दाखवावे लागते. पहाटे इथल्या घरांतून निघालेला चाकरमानी लोकलमध्ये बसतो, सुमारे शंभर किलोमीटरवरच्या मुंबईच्या टोकापर्यंत जातो आणि रात्री परततो. जाऊन येऊन चार तास. आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे अशी गाडीत काढलेल्या माणसांची या परिसरात वाण नाही.

या चार तासांचे करायचे काय, या प्रश्नाला मध्य रेल्वेच्या प्रवाशांनी एक उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले : भजन. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली माणसे. पिशवीतून टाळ निघतात, कुणाकडे ढोलकी असते, नसली तर डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जातो. गजर सुरू झाला की बसलेला आणि लोंबकळणारा यांच्यातला भेद काही काळ मिटतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या माळा लावून डब्याची पूजा होते, पेढे वाटले जातात. ज्यांना भजनात रस नाही त्यांच्यासाठी पत्त्यांचा डाव असे, आणि एकच वर्तमानपत्र पाने सुटी करून पाच-सहा जणांत फिरे.

अशी मंडळे आजही आहेत. पण त्याच डब्यात आज बहुसंख्य माणसे कानांत बोंडे घालून हातातल्या पडद्याकडे पाहत असतात. एकजण कोरियन मालिका पाहतो, दुसरा काल रात्रीचा क्रिकेट सामना. खिडकीजवळची बाई हरिपाठ ऐकते, तिच्या शेजारची मुलगी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती अंगठ्याने वर सरकवत राहते. सगळे एकाच गाडीत आहेत, पण प्रत्येकाची वेळ निराळी आहे.

महाजालावरून हवे तेव्हा हवे ते पाहण्याच्या या व्यवस्थेविषयी, म्हणजे स्ट्रीमिंगविषयी, आपल्याकडे साधारणपणे दोन सुरांत बोलले जाते. एका सुरात संस्कृतीचा ऱ्हास असतो, दुसऱ्या सुरात लोकशाहीचा विजय. दोन्ही सूर पडद्याकडे आणि पडद्यावरच्या मजकुराकडे पाहतात. प्रस्तुत लेखात मला निराळा मुद्दा मांडायचा आहे. करमणुकीच्या इतिहासात यंत्रे बदलत गेली तेव्हा सर्वांत खोलवर बदलली ती वेळ : ती कोण ठरवतो आणि ती कितीजणांची मिळून असते. कर्जत-खालापूरचा पट्टा हा इतिहास वाचायला सोयीचा आहे, कारण मुंबईकडे जाणारे कितीतरी रूळ आणि तारा याच वाटेने गेल्या.

रूळांपूर्वीची घटका

यंत्रे येण्यापूर्वी करमणूक नावाची वेगळी गोष्ट नव्हती. जत्रा, उत्सव, लग्न, सुगी यांच्या पोटातच ती असे. कीर्तन एकादशीला, तमाशा जत्रेला, नाच शेतीची कामे उरकल्यावर. वेळ ठरवणारे तीन : ऋतू, पंचांग आणि देव.

रायगड जिल्ह्यातील आगरी लग्नांतला धवला हे याचे चांगले उदाहरण आहे. धवलारीण ही लग्नातले विधी गाण्यांतून पार पाडणारी स्त्री. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक टप्प्याचे गाणे ठरलेले. ते गाणे त्या टप्प्याविना गायचे नाही, आणि तो टप्पा त्या गाण्याविना पुरा होत नाही. धवला 'ऐकायला' कोणी जात नसे. लग्नाला गेलेल्याच्या कानी तो पडे. गाणे आणि त्याची वेळ यांची ही गाठ पुढे एकेका यंत्राने सैल केली.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. ही वेळ सामाईक होती, पण सर्वांची नव्हती. देवळातल्या कीर्तनात कोणी कुठवर यायचे हे जातीने ठरवलेले होते. तमाशा उभा केला तो प्रामुख्याने दलित कलावंतांनी, आणि गावातल्या घरंदाज म्हणवणाऱ्या स्त्रियांना तो पाहण्याची मुभा नव्हती. सामाईक वेळेच्या मंडपाला दारे होती आणि दारांवर पहारा होता. हे ध्यानात ठेवूनच पुढे जावे लागते.

रूळ, चित्रे आणि वीज

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे स्थानक असल्याने चढणीसाठी जादा इंजिने इथेच जोडली जाऊ लागली. गाड्या थांबू लागल्या आणि थांबलेल्या गाड्यांच्या आधाराने बाजार वाढला. कर्जतच्या फलाटावरच्या बटाटेवड्याची कीर्तीही या थांब्याचीच देणगी आहे. रेल्वेने गावाला आणखी एक वस्तू दिली : घड्याळ. सूर्य कलल्यावर निघणारा माणूस आता मिनिटांच्या हिशेबाने निघू लागला.

याच मार्गावर, घाट चढून गेल्यावर, लोणावळ्यापुढे मळवली आहे. राजा रविवर्मा यांचा शिळामुद्रणाचा छापखाना १८९९ मध्ये मुंबईहून मळवलीला हलला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे देशभरच्या भिंतींवर लागली. ज्याला देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता त्याच्या झोपडीतही काही पैशांत देव येऊ शकला. दर्शनाची ठरलेली वेळ आणि पुजाऱ्याची मर्जी या दोन्हींतून मोकळे झालेले हे पहिले यांत्रिक दर्शन म्हणता येईल. दादासाहेब फाळके यांनी चित्रमुद्रणाचे काम केले ते याच लोणावळा परिसरात. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला तेव्हा पडद्यावरचे पौराणिक जग प्रेक्षकांना ओळखीचे वाटले, त्याची पूर्वतयारी या छापील चित्रांनी करून ठेवलेली होती.

चित्रपटाला आणि पुढच्या सगळ्याच करमणुकीला लागणारी वीजही इथलीच. घाटावरच्या तलावांतले पाणी खाली सोडून टाटांचे खोपोली वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, आणि १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरीचे. त्यांची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे आणि शहराकडे जाई. ज्या गावांवरून या तारा गेल्या त्यांतली बहुतेक गावे पुढची कित्येक दशके रॉकेलच्या दिव्यावरच होती.

या तारांचे राजकारण इथल्या एका माणसाने ओळखले. माथेरानचे भाई कोतवाल हे नाभिक समाजातील वकील. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचा धडाका लावला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मनोरे पाडण्यामागचा हेतू युद्धकाळातल्या ब्रिटिश सत्तेची कोंडी करण्याचा होता, करमणुकीशी त्याचा संबंध नव्हता. परंतु त्यातून दिसणारी वस्तुस्थिती या लेखाच्या दृष्टीने मोलाची आहे : यंत्राच्या एका टोकाला जे चमकते त्याचा खर्च दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी जमिनीवर आणि पाण्यावर पडलेला असतो. आजचा 'मेघ' म्हणवणारा संगणकसाठाही कुठेतरी जमिनीवर, वीज आणि पाणी पीतच उभा आहे.

तीन मिनिटे आणि एक तंबू

ध्वनिमुद्रिकेने गाण्याला मुहूर्तापासून तोडले, पण बदल्यात एक कडक माप दिले. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकात 'वन्स मोअर' घेत पंधरा-वीस मिनिटे फुलणारे पद या मापात बसवावे लागले. नुकसान झाले हे उघड आहे. पण त्याच मापातून एक नवा प्रकारही जन्मला. १९३० च्या दशकात ग. ना. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची कविता ध्वनिमुद्रिकेसाठी गायली आणि भावगीताची वाट रुळली. आज ज्याला आपण मराठी मनाचे निखळ सूर समजतो त्या भावगीताचा आकार एका तबकडीने ठरवला आहे. तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींकडे पाहून नाक मुरडण्यापूर्वी थोडे थांबावे, असे मला वाटते.

चित्रपटाने मात्र सामाईक वेळ नव्याने उभी केली. 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा पहिला मराठी बोलपट आणि 'संत तुकाराम' (१९३६) या प्रभातच्या चित्रपटांनी देवळातला श्रोता आणि थिएटरातला प्रेक्षक एकत्र आणले. खेड्यांकडे हा चित्रपट तंबूतून गेला. फिरता ट्रक, त्यावर प्रक्षेपक, जत्रेच्या माळावर ताणलेला पडदा. तंबूत बायकांसाठी वेगळी बाजू असे. तमाशाला ज्यांना बंदी होती त्या बायका चित्रपटाला जाऊ शकल्या. तिकिटाने जात विचारली नाही, निदान उघडपणे तरी नाही. मंडपाचे एक दार इथे उघडले.

या तंबूंची शेवटची वर्षे शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात टिपलेली आहेत. महाराष्ट्रातल्या फिरत्या चित्रपटांवरचा हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. रिळे जाऊन संगणकीय प्रक्षेपण आले तेव्हा तंबूवाल्यांची जुनी यंत्रे भंगारात निघाली. त्यांच्या या वियोगाची कथा जगाने पाहिली, आणि नंतर अनेकांनी ती घरच्या छोट्या पडद्यावर पाहिली असेल. इतिहास असे टोले मारतो.

आकाशातून येणारी ठरलेली वेळ

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. १९३६ पासून ती ऑल इंडिया रेडिओ झाली. मुंबई केंद्राच्या 'कामगार सभा', 'वनिता मंडळ', 'आपली आवड' या कार्यक्रमांनी दिवसाचे तुकडे पाडले. कोणत्या गाण्याला भाकरी थापायची आणि कोणत्या बातम्यांना घराबाहेर पडायचे, हे ठरून गेले. पंचांगाची जागा आता कार्यक्रमपत्रिकेने घेतली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. ज्याच्या घरी संच त्याच्या ओटीवर आळी जमे. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाल्यावर रस्ते ओस पडत, लोक संचाला हार घालत, हे त्या पिढीला सांगायला नको. एकाच क्षणी देशातले कोट्यवधी लोक एकच दृश्य पाहत आहेत ही गोष्ट पूर्वी कधी घडली नव्हती. सामाईक वेळेचा हा कळस होता. ती वेळ दिल्लीतून ठरत होती आणि तिने एका विशिष्ट रामकथेला सगळ्यांची रामकथा करून टाकले, हेही तितकेच खरे.

ओटीवर जमणाऱ्या आळीतही आत कोण बसते आणि खिडकीतून कोण पाहते हा प्रश्न होताच. ज्यांच्यासाठी खिडकीच होती त्यांना संच स्वतःच्या घरी आल्याचा दिवस सामाईकतेचा अंत वाटला नसेल. तो त्यांना मानाचा दिवस वाटला असेल.

आकाशातून येणाऱ्या वेळेला पहिला छेद दिला तो कॅसेटने. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातल्या कॅसेट-संस्कृतीचा अभ्यास १९९३ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यातले बरेचसे महाराष्ट्रालाही लागू पडते. ध्वनिमुद्रणाचा खर्च इतका खाली आला की मोठ्या कंपनीच्या मर्जीविना गाणे बाजारात येऊ लागले. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते घरोघरी पोचली. वामनदादा कर्डक यांच्या परंपरेतल्या भीमगीतांना नभोवाणीवर जेवढी जागा मिळाली त्याच्या कितीतरी पट जागा कॅसेटने दिली. कोळीगीते आणि आगरी लग्नगीते यांना स्वतःचा बाजार मिळाला. याच सुमारास व्हिडिओ भाड्याने आणून, वर्गणी काढून, गणपतीच्या जागरणाला रात्रीत तीन-तीन चित्रपट पाहण्याची रीत पडली. दिल्लीच्या घड्याळातून निसटून आळीने स्वतःची सामाईक वेळ तयार केली होती.

पुढे १९९२ मध्ये झी आले, १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी. रोज रात्रीची ठरावीक मालिका हा जेवणाच्या ताटाचाच भाग झाला. वेळ पुन्हा बांधली गेली. फक्त आता ती जाहिरातदारांसाठी बांधली होती.

पुठ्ठ्याचे किल्ले

कर्जत-खालापूरचा चित्रसृष्टीशी संबंध केवळ पाहण्याचा राहिला नाही. जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७) हा गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरचा चित्रपट, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ठाकरांच्या जीवनावरचा. हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि ना. धों. महानोर यांची गीते यांमुळे ठाकरवाडी शहरी मराठी माणसाच्या मनात कायमची बसली. ज्यांच्यावर तो बेतला त्या वाड्यांवर तो कधी पोचला असेल? तंबूतून, दूरदर्शनवरून की थेट मुलाच्या मोबाइलवर? हा प्रश्न आपल्या चित्रपट-समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

२००५ मध्ये कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी खालापूर तालुक्यात चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला. सुमारे ५२ एकर जागा. 'जोधा अकबर' (२००८) साठी मोगलांचा किल्ला इथे उभा राहिला, 'राजा शिवछत्रपती' मालिकेसाठी शिवकालही. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या कलावंताच्या हातांत लाकूड, पुठ्ठा आणि प्लास्टर यांतून इतिहास उभा करण्याचे विलक्षण कसब होते. खरे किल्ले मात्र आजूबाजूलाच होते : इर्शाळगड, प्रबळगड, कोथळीगड, राजमाची. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडले ती उंबरखिंड याच खालापूर तालुक्यात आहे. खऱ्या खिंडीत जाणारे थोडे आणि खोट्या किल्ल्याचे तिकीट काढणारे पुष्कळ, याचा दोष स्टुडिओला देता येत नाही. खिंडीची गोष्ट सांगणारे आपण कमी पडलो.

२०२३ चा पावसाळा या भागाला विसरता येणार नाही. १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गाडली गेली. २ ऑगस्टला नितीन देसाई यांचा त्यांच्याच स्टुडिओत मृत्यू झाला. दोन्ही बातम्या हातातल्या पडद्यांवरून त्याच दिवशी राज्यभर फिरल्या, आणि त्याच वेगाने वर सरकवल्या गेल्या. १९७७ मध्ये कथा म्हणून पडद्यावर आलेला ठाकर २०२३ मध्ये बातमी म्हणून आला आणि काही दिवसांत दिसेनासा झाला. स्टुडिओची संस्था पुढे दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेतून राज्य शासनाच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आली.

२०१६ नंतर

एखाद्या वर्षाला उंबरठा म्हणायचे तर २०१६ ला म्हणावे. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले. २९ एप्रिलला 'सैराट' प्रदर्शित झाला आणि खेड्यांतून ट्रॅक्टर-टेम्पो भरभरून माणसे चित्रपटगृहांकडे लोटली. सामाईक वेळेचा इतका मोठा सोहळा मराठी चित्रपटाने त्यानंतर क्वचितच पाहिला. ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि महाजालाचे दर कोसळले. वर्षअखेरीस ॲमेझॉनचा प्राइम व्हिडिओ आला. एकाच वर्षाच्या एका टोकाला अख्ख्या गावाने मिळून पाहिलेला चित्रपट आणि दुसऱ्या टोकाला प्रत्येकाचा स्वतंत्र पडदा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. सामान्य प्रवाशांसाठी लोकल थांबली ती प्रदीर्घ काळ. डब्यातले टाळ घरी गेले. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले आणि लोकांनी ते पाहिले. माणसांपासून दूर असताना माणसांना सामाईक वेळेचीच आठवण झाली.

३० एप्रिल २०२१ रोजी चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. आदल्या वर्षी व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट जुन्या ध्वनिफितींच्या छायेत वाढलेल्या एका गायकाविषयी आहे. गुरूच्या गुरूची दुर्मीळ व्याख्याने कानांत घालून तो रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलने फिरत राहतो. त्याची साधना आणि त्याचे एकटेपण दोन्ही त्या कानांतल्या यंत्रात आहेत. आणि चित्रपट संपतो तो लोकलच्या डब्यात, फिरस्त्या गायकाच्या गाण्यावर. चित्रपटगृहांत ज्याला जेमतेम जागा मिळाली असती असा चित्रपट स्ट्रीमिंगमुळे जगभरच्या मराठी घरांत गेला. हा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

लाभाची दुसरी बाजूही आहे. मोठ्या मंचांवर मराठीचा वाटा हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम यांच्या मानाने तोकडा राहिला. २०२१ मध्ये केवळ मराठीसाठी प्लॅनेट मराठी हा मंच सुरू झाला, परंतु एका भाषेच्या वर्गणीवर असा मंच चालवणे किती अवघड असते हेही पुढच्या काळाने दाखवले. मंचावरची कलाकृती कधी आणि का काढून घेतली जाईल यावर प्रेक्षकाचा अधिकार नसतो. कॅसेट फडताळात तरी राहत असे.

याहून बोलके उदाहरण टिकटॉकचे. ज्यांच्याकडे कोणी कॅमेरा घेऊन गेले नव्हते अशा शेतमजूर, आदिवासी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया तिथे स्वतः नाचल्या, बोलल्या, लोकप्रिय झाल्या. २९ जून २०२० रोजी सरकारने सुरक्षेच्या कारणावरून त्यावर बंदी घातली आणि एका रात्रीत ते सगळे व्यासपीठ नाहीसे झाले. बंदी योग्य की अयोग्य हा इथे प्रश्न नाही. आपला वाटणारा मंच आपला नव्हता, एवढेच त्यातून कळले. जमीन नसलेल्याने दुसऱ्याच्या शेतात घर बांधावे तसे ते झाले.

वेळ कोणाची?

हवे ते, हवे तेव्हा पाहता येते, म्हणून वेळ अखेर प्रेक्षकाच्या मालकीची झाली असे म्हटले जाते. सासूसासऱ्यांसमोर जी गोष्ट पाहता आली नसती ती सून आज एकटीने पाहू शकते. दलित तरुणाला कुणाच्या ओटीची परवानगी लागत नाही. मंडपाची उरलेली दारेही उघडली, हे या यंत्राचे श्रेय आहे आणि सामाईकतेसाठी हळहळणाऱ्याने ते आधी मान्य करावे.

तरीही वेळ पुरती आपली झाली असे मला वाटत नाही. एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो. कोणाला काय दाखवायचे याचा हिशेब दूरवरचे यंत्र करते आणि ते आपली सवय आपल्यापेक्षा चांगली ओळखते. ऋतू, पंचांग, वेळापत्रक, कार्यक्रमपत्रिका हे सगळे मालक निदान दिसत तरी होते, आणि सगळ्यांना सारखेच बांधत होते. नवा मालक प्रत्येकाला वेगळे बांधतो. म्हणून त्याविषयी एकत्र तक्रार करणेही कठीण झाले आहे. काल रात्री काय पाहिले, या प्रश्नाला डब्यात दहा उत्तरे मिळतात आणि बोलणे तिथेच थांबते.

इथे पुन्हा भजनी मंडळाकडे यावेसे वाटते. ते काही पुरातन नाही. ते रेल्वेचे अपत्य आहे. कामाच्या घड्याळाने माणसांचे रोजचे चार तास हिरावले, तेव्हा त्या हिरावलेल्या वेळेतूनच त्यांनी आपली सामाईक वेळ परत काढून घेतली. रेल्वेने ती दिली नव्हती. माणसांनी आपापसांत गाडी ठरवली, डबा ठरवला आणि टाळ आणले. व्हिडिओ भाड्याने आणणाऱ्या आळीनेही तेच केले होते. यंत्र काय करते याइतकेच, यंत्र हाती आल्यावर माणसे मिळून काय ठरवतात, यालाही इतिहासात महत्त्व आहे.

अशी काही चिन्हे आजही दिसतात. आगरी लग्नात बेंजो आला, मग डीजे आला, धवलारीण मागे पडली. आता धवल्याची गाणी यूट्यूबवर आहेत. ज्या मुलींना आजीकडून ती शिकायला मिळाली नाहीत त्यांना ती तिथे ऐकता येतात. गाणे त्याच्या टप्प्यापासून तुटलेले आहे, कुठल्याही वेळी वाजते, मध्येच जाहिरात येते. पण उद्या एखाद्या मांडवात, हळदीच्या नेमक्या वेळी, फोनवर शिकलेली मुलगी ते गाणे उभी राहून म्हणू लागली, तर तुटलेली गाठ पुन्हा बसेल. ती बसवणे यंत्राला जमणारे नाही. त्यासाठी मांडवातल्या कुणीतरी डीजेवाल्याला थोडा वेळ थांबायला सांगावे लागेल.

आणि ज्या गोष्टी अजून कुणी टिपलेल्याच नाहीत त्यांचे काय? डब्यातल्या भजनांच्या चाली, धवल्याचे गावागणिक पाठभेद, ठाकरांची गाणी, व्हिडिओच्या रात्रींच्या आठवणी : हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे अजून आपल्यात आहेत. प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र असलेल्या काळात हे हरवले, तर दोष यंत्राला देता येणार नाही. मात्र टिपताना गाण्याबरोबर त्याची वेळही टिपावी : कोणी, कधी, कोणासमोर, कशासाठी म्हटले. एरवी उरेल ते नुसते गाणे, आणि नुसत्या गाण्यांची आज कुठेच टंचाई नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कर्जतहून सुटणाऱ्या डब्यांत अजून झेंडूच्या माळा लागतात. आरती सुरू झाली की कानांतली बोंडे निघतात, आणि तेच फोन आरती टिपण्यासाठी वर उचलले जातात. त्या काही मिनिटांपुरती सगळ्या डब्याची वेळ एक असते. पुढचे स्थानक आले की ती संपते. ती परत केव्हा सुरू करायची, हे डब्यातल्या माणसांनीच ठरवायचे आहे.